आपला माणूस तुरुंगातून सुटतो तेव्हा

दुबईत शारजाच्या हद्दीला लागून मुहैस्नाह नावाचा भाग आहे. त्यातल्या मुहैस्नाह दोनला तिथे राहणारे सगळे सोनापूर म्हणतात. बांधकाम, साफसफाई, वाहतूक, एसीची दुरुस्ती अशा कामांवरचे हजारो कामगार इथल्या लेबर कॅम्पात राहतात. पहाटे अंधारातच कंपनीच्या बसगाड्या भरून निघतात आणि संध्याकाळी परत येतात. एखाद्या दिवशी मात्र खोलीतला एक जण परत येत नाही. कधी मारामारी झालेली असते, कधी दारूचं प्रकरण असतं, कधी गाडीखाली माणूस आलेला असतो, तर कधी मित्राच्या कर्जावर केलेली सही अंगाशी आलेली असते.

परराष्ट्र मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार परदेशी तुरुंगांत कच्चे कैदी धरून १०,१५२ भारतीय होते. त्यांपैकी २,५१८ जण संयुक्त अरब अमिरातीत होते. यातल्या बहुतेकांची शिक्षा कधी ना कधी संपणार आणि ते घरी येणार. अटक झाली की सगळे धावाधाव करतात. वकील शोधतात, कॉन्सुलेटला फोन लावतात, देवाला नवस बोलतात. सुटकेची तयारी मात्र सहसा कुणी करत नाही. सुटला म्हणजे झालं, असं धरून चालतात. मग माणूस रिकाम्या खिशाने आणि अर्धवट कागदांनिशी मुंबई विमानतळावर उतरतो, आणि घरच्यांनी गावात ‘तो तिकडे ओव्हरटाइमवर आहे’ म्हणून सांगितलेलं असतं.

सुटकेचा हुकूम सरकार काढतं. माणसाला परत माणसांत आणणं घरच्यांच्या आणि सोबत्यांच्या हातात असतं, आणि त्याची सुरुवात तो आत असतानाच करावी लागते. ती कशी करायची, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

दोन माणसं नेमा: एक तिकडे, एक इकडे

दहा जण दहा ठिकाणी फोन करतात तेव्हा कुणाकडेच पूर्ण माहिती नसते. म्हणून खोलीतल्या किंवा कंपनीतल्या एका भरवशाच्या सोबत्याने तिकडची बाजू धरावी आणि घरातल्या एकाने इकडची. दोघांकडे एकेक वही असावी. तिच्यात केस नंबर, न्यायालय, शिक्षेची मुदत, दंडाची रक्कम, पासपोर्ट आणि एमिरेट्स आयडीचा नंबर, कंपनीचं पूर्ण नाव आणि कोणत्या तारखेला कुणाशी काय बोलणं झालं ते लिहून ठेवावं. आतून फोन येतो तेव्हा बोलायला थोडीच मिनिटं मिळतात. काय विचारायचं ते आधी लिहिलेलं असलं, तर ती मिनिटं रडण्यात जात नाहीत.

दुबईतल्या भारतीय कॉन्सुलेटच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा निःशुल्क क्रमांक ८०० ४६३४२ असा आहे. भारतातून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. नोंदीचा जो क्रमांक मिळेल तो दोन्ही वह्यांत लिहा आणि पुढच्या प्रत्येक बोलण्यात तोच सांगा. अटकेतल्या नागरिकाला भेटण्याचा अधिकार कॉन्सुलेटला १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिला आहे. त्यामुळे ‘माझ्या माणसाला कुणी भेटलं का?’ असं विचारणं हा तुमचा हक्क आहे. त्यात कुणाकडे उपकार मागितल्यासारखं वाटून घेऊ नका.

एक गोष्ट विसरू नका. रमजान, ईद आणि २ डिसेंबरचा राष्ट्रीय दिन यांच्या तोंडावर तिथले शासक बऱ्याच कैद्यांची शिक्षा माफ करतात. सुटका कधी कधी अपेक्षेपेक्षा लवकर होते ती अशी. शिक्षा संपायला वर्ष बाकी असलं तरी कागद आजच तयार ठेवा.

हिसाब, ट्रंक आणि बँक

तिकडच्या सोबत्याचं पहिलं काम खोलीतच असतं. कामगार आत गेला की काही दिवसांत त्याचा पलंग दुसऱ्याला दिला जातो. बंकखालची ट्रंक, कपाटातले कपडे, मोबाईल, भारतातल्या बँकेचं पासबुक, मुलांचे फोटो, लायसन्स हे सगळं त्याआधीच एका बॅगेत भरून कुलूप लावा. आत काय काय आहे त्याची यादी करून तिच्यावर खोलीतल्या दोघांच्या सह्या घ्या आणि यादीचा फोटो घरी पाठवा. पुढे ‘माझं घड्याळ कुठे गेलं?’ यावरून मैत्री तुटण्यापेक्षा हे बरं.

त्यानंतर येतो कंपनीकडचा हिसाब, म्हणजे शेवटचं देणं-घेणं. शिक्षा झाली म्हणजे सगळे पैसे बुडाले, असा समज कॅम्पात पक्का असतो. फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कामगार कायद्यानुसार तीन महिने किंवा त्याहून जास्त कैदेची अंतिम शिक्षा झाली तर कामाचा करार संपतो, हे खरं. पण एक वर्षाहून जास्त सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटीचा हक्क राहतो. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा, असं गणित आहे. मूळ पगार १,००० दिरहॅम आणि सेवा सहा वर्षांची असेल, तर १०५ अधिक ३० म्हणजे १३५ दिवसांचे सुमारे ४,५०० दिरहॅम होतात. बिनपगारी दिवस सेवेत धरत नाहीत, आणि कंपनीचं काही देणं असेल तर ते यातून वळतं केलं जाऊ शकतं. दावा करायला करार संपल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. माणूस भारतात परतल्यावर तिथलं काम पाहायला कुणीतरी लागतं. म्हणून तो आत असतानाच कॉन्सुलेटला विचारून सोबत्याच्या किंवा वकिलाच्या नावे मुखत्यारपत्र करून घ्यावं.

तिसरी गोष्ट बँकेची. क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, गाडीचे दंड यांची थकबाकी तुरुंगात गेल्याने मिटत नाही. खात्यात पैसे नसल्याने चेक परत जाणं हा २ जानेवारी २०२२ पासून बहुतेक प्रकरणांत दिवाणी विषय झाला आहे. तरी वसुलीचा दावा आणि प्रवासबंदी या गोष्टी राहतातच. ‘भारतात गेलो की बँक काय करणार?’ हा हिशेबही आता चुकतो. अमिरातीतल्या दिवाणी न्यायालयांचे निकाल भारतात अंमलात आणता येतील, अशी अधिसूचना केंद्र सरकारने १७ जानेवारी २०२० रोजी काढली आहे. म्हणून बँकेला लेखी कळवा, हप्ते पाडून मागा आणि तडजोड झाली की ‘देणं नाही’ असं पत्र घेतल्याशिवाय राहू नका.

मदत गोळा करताना

खोलीतल्या दहा जणांनी मिळून तिकिटाचे पैसे काढावेत, ही आपली जुनी रीत आहे. अमिरातीत मात्र परवान्याशिवाय लोकांकडून निधी गोळा करणं गुन्हा आहे, आणि २०२१ च्या कायद्याने त्याला जबर दंड ठेवला आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो, केस नंबर आणि खाते क्रमांक टाकून ‘आपल्या भावासाठी मदत करा’ असं फिरवलं, तर मदत करणाराच अडकू शकतो. सोबत्याची बदनामीही होते, ती वेगळीच.

मदतीसाठी कायदेशीर वाटा आहेत. एमिरेट्स रेड क्रेसेंट, बैत अल खैर आणि दार अल बेर या परवानाधारक संस्था आहेत. देणी थकल्यामुळे तुरुंगात अडकलेल्यांसाठी फरज फंड काम करतो. तिकिटासाठी, किंवा पासपोर्ट नसेल तर आपत्कालीन प्रमाणपत्रासाठी, म्हणजे कॅम्पात ज्याला आउटपास म्हणतात त्यासाठी, कॉन्सुलेटकडे अर्ज करावा. ज्याच्याकडे खरोखरच काही नाही अशा माणसाला भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मिळू शकते. त्या वेळी ज्या कागदावर सही होईल तो नीट वाचा आणि त्याची प्रत जपून ठेवा. सरकारी खर्चाने परत आणलेल्या माणसाने तो खर्च फेडला नसेल, तर पारपत्र कायद्याच्या कलम ६ नुसार पुढे पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. परतफेडीची अट असेल तर ती आधी पुरी करा आणि पावती वहीला चिकटवा.

शिक्षा लांबची असेल तर आणखी एक वाट आहे. शिक्षा झालेल्या कैद्यांच्या हस्तांतरणाचा करार भारत आणि अमिराती यांच्यात २०११ साली झाला. निकाल अंतिम असेल, दुसरी केस बाकी नसेल आणि कैद्याची तयारी असेल, तर उरलेली शिक्षा भारतातल्या तुरुंगात भोगण्यासाठी अर्ज करता येतो. वेळ लागतो आणि दोन्ही सरकारांची संमती लागते. पण आईला दुबईला जाणं शक्य नसतं, येरवड्याला किंवा कळंब्याला एसटीने जाता येतं. तेवढ्यासाठी का होईना, हा अर्ज करण्यासारखा आहे.

विमानतळापासून घरापर्यंत

परत पाठवलेला माणूस पुष्कळदा अटकेच्या वेळी अंगावर होते त्याच कपड्यांत येतो. विमानाची वेळही ऐनवेळी कळते. मुंबईत कुणी नातलग असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा. त्याने एक जोडी कपडे, चपला, चालू सिमचा साधा फोन आणि दोनेक हजार रुपये घेऊन जावं. विमानतळावर इमिग्रेशनचे अधिकारी चौकशी करतात, वेळ लागतो. बाहेर थांबलेल्याने घाबरून गावाकडे फोन करत सुटू नये. आउटपासवर येणाऱ्याने तो जमा करण्याआधी त्याचा फोटो किंवा झेरॉक्स ठेवावी, कारण नवा पासपोर्ट काढताना ती लागते. सुटकेचा आणि निकालाचा जो कागद हाती असेल तोही जपावा. अरबी कागद रद्दी समजून फेकू नका, त्याचं अधिकृत भाषांतर पुढे उपयोगी पडतं.

पहिल्या आठवड्यात घरच्या माणसाने त्याला सोबत घेऊन चार ठिकाणी जावं. आधार आणि मोबाईल क्रमांक जोडून घ्यावा. रेशनकार्डावर नाव आहे की वगळलं गेलं ते पाहावं. बँकेत जावं, कारण दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, आणि आता तो कायमचा परतला असेल तर अनिवासी खातं निवासी करून घ्यावं लागतं. शेवटी सरकारी दवाखान्यात जाऊन रक्तदाब, साखर, दात, डोळे आणि छाती तपासून घ्यावी.

काय सांगायचं, किती सांगायचं

परतलेल्याला सगळ्यात जड जातं ते ओट्यावर येऊन बसणाऱ्यांना तोंड देणं. शेजारचे काका चहा घेता घेता विचारतात, ‘काय रे, किती दिवसांची सुट्टी?’ आणि घरात सगळे गप्प होतात. त्या क्षणी जे उत्तर जाईल तेच पुढे वर्षभर वागवावं लागतं. खोटं सांगितलं तर बायकोने वेगळं, भावाने वेगळं आणि आईने तिसरंच सांगायची वेळ येते. शिवाय खरी गोष्ट गावात आधीच पोचलेली असते, कारण त्याच कॅम्पात शेजारच्या वाडीचाही कुणीतरी असतोच.

म्हणून तो यायच्या आधीच घरातल्यांनी बसून एक वाक्य ठरवावं, आणि ते त्याच्या संमतीने ठरवावं. ‘तिकडे केस झाली होती, शिक्षा पुरी करून आलोय, आता इथेच काम बघतोय.’ याहून जास्त कुणाला सांगायची गरज नाही. पुढे कुणी खोदून विचारलं तर ‘ते झालं आता, काका, तुम्ही चहा घ्या’ एवढं पुरतं. मुलांनाही त्यांच्या वयाला झेपेल असं खरंच सांगावं. ‘बाबांच्या हातून तिकडचा नियम मोडला, त्याची शिक्षा झाली, ती संपली.’ शाळेत कुणी चिडवलंच, तर ज्या मुलाला घरात खरं सांगितलेलं असतं ते निदान गोंधळत नाही.

घराच्या आतही बदल झालेले असतात. तो नसताना बायकोने बचत गटाचे हप्ते भरले, मुलीला कॉलेजात घातलं, बांधावरून भांडणाऱ्या चुलत्याला परतवून लावलं. ती सगळी सूत्रं एका दिवसात तिच्या हातून काढून घेऊ नयेत. दुसरीकडे त्याचीही ठरवण्याची सवय मोडलेली असते. उठायची, जेवायची, दिवा मालवायची वेळ दुसऱ्याने ठरवलेली होती. घराचं दार उघडं असताना तो ‘जरा बाहेर जाऊ का?’ असं विचारतो, तेव्हा हसू नका. छोटी छोटी कामं त्याच्यावर पूर्णपणे सोपवा: बाजारातून मासळी तोच निवडून आणील, वीजबिल तोच भरील, पोराला क्लासला तोच सोडील.

झोप न लागणं, चिडचिड, माणसं टाळणं हे काही आठवडे चालतं. ते वाढत चाललं, जेवण तुटलं किंवा ‘जगून काय करायचं’ अशी भाषा आली, तर देवऋष्याकडे वेळ घालवू नका. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, म्हणजे टेलि-मानसच्या, क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं. अटकेमागे दारू किंवा नशा हे कारण असेल, तर कामाच्या आधी त्यावर उपचार करा. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करत आहे.

हाताला काम

घरची माणसं म्हणतात, ‘दोन महिने आराम कर.’ प्रेमाने म्हणतात, पण रिकामा दिवस तुरुंगासारखाच लांबतो. आठ-दहा दिवसांत अर्ध्या दिवसाचं का होईना, काम सुरू व्हावं. आंब्याच्या हंगामात बागेत, बंदरावर, ओळखीच्याच्या गॅरेजमध्ये, कुठेही चालेल.

आखातात दहा वर्षं डक्टिंग, वेल्डिंग किंवा प्लंबिंग केलेल्या माणसाच्या हातात कौशल्य असतं, पण कागद नसतो. केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आधी शिकलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. जवळच्या आयटीआयमध्ये किंवा जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात त्याची चौकशी करा. स्वतःचा धंदा करायचा असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती मिळते. पण कर्ज काढण्याआधी जुनं देणं मांडून बघा. परदेशी जाताना एजंटला द्यायला सावकाराकडून घेतलेले पैसे बहुतेक घरांत फिटलेले नसतात. सावकार विनापरवाना असेल आणि धमकावत असेल, तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तक्रार करता येते.

काम देणाऱ्यांसाठीही दोन शब्द. कुणी असा माणूस तुमच्याकडे आणला तर त्याला एकदाच स्पष्ट विचारा: कशाची शिक्षा होती आणि आता काही बाकी आहे का? त्याचं उत्तर ऐकून निर्णय घ्या आणि कामावर ठेवलंत तर इतरांसमोर तो विषय काढू नका. पहिले काही आठवडे आठवड्याला पगार द्या, कारण त्याला महिनाभर थांबायला उसनवारी करावी लागते. भाड्याच्या गाडीची चावी किंवा गल्ल्याचे पैसे पहिल्याच दिवशी देऊ नका. पण कधी देणार ते सांगा आणि सांगितल्याप्रमाणे द्या.

यातला कुठलाच विचार आपल्याकडे नवा नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ साली स्वतंत्रपूर ही खुली वसाहत वसवली. तिथले राजे पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने आणि मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने कैद्यांना तिथे भिंतीबाहेर शेतावर ठेवलं गेलं. त्यावरूनच व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ साली आला. त्या वसाहतीत कैद्याला बायकामुलांसह राहून जमीन कसता येते. शिक्षा चालू असतानाच कुटुंब, काम आणि विश्वास हे तिन्ही एकत्र ठेवायचे, हे त्यामागचं शहाणपण. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून सुटलेल्या माणसांची कागदपत्रं, निवारा आणि काम यांसाठी धडपडतो. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ साली येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना सुरू केली. तिच्यात कैद्याला तुरुंगातल्या मजुरीच्या आधारावर ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, म्हणजे घरच्यांची अडचण भागते. तुमचा माणूस महाराष्ट्रातल्या तुरुंगातून सुटणार असेल, तर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयातल्या परिविक्षा अधिकाऱ्याला सुटकेआधीच भेटा.

पुन्हा आखातात?

काही महिन्यांनी हा प्रश्न येतोच, आणि त्याच वासावर एजंटही येतो. ‘नावात थोडा बदल करू, नवा पासपोर्ट काढू, कुणाला कळणार नाही.’ अमिरातीच्या विमानतळांवर डोळ्यांच्या बुबुळांची तपासणी कित्येक वर्षांपासून आहे, आणि परत पाठवलेला माणूस नवीन नावाने आला तर पकडण्यासाठीच ती बसवली आहे. न्यायालयाने परत पाठवण्याचा हुकूम दिला असेल तर परवानगीशिवाय जाताच येत नाही. प्रशासकीय हुकूम असेल तर बंदी उठवण्यासाठी रीतसर अर्ज करता येतो. कागदावर यापैकी काय लिहिलं आहे, ते आधी वकिलाकडून वाचून घ्या.

दुसऱ्या देशात जायचं असेल तर पासपोर्टच्या अर्जात काही लपवू नका. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात भारतातल्या न्यायालयाने दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा दिली असेल, तर पुढची पाच वर्षं पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. ही तरतूद परदेशी न्यायालयाच्या शिक्षेबद्दल बोलत नाही. म्हणजे खरं सांगून वाट मोकळी राहण्याची शक्यता आहे. खोटं सांगितलं तर तोच नवा गुन्हा ठरतो. आणि नोकरी घेताना एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते स्वतः पाहा.

हे सगळं एका दमात होणार नाही. आज करायचं असेल तर एकच करा: मुहैस्नाहच्या खोलीत आणि गावच्या घरात एकेक वही उघडा, आणि वरच्या ओळीत सुटकेची अपेक्षित तारीख लिहा. तिथून मागे मोजत जाल तसं कुठलं काम कधी करायला हवं ते आपोआप सुचत जाईल. तो दारात येईल तेव्हा त्याच्या हातात द्यायला निदान कागद, काम आणि खरं सांगता येईल असं एक वाक्य तयार असेल.